‘सिदाद द देउस’ कसा बघावा: एका प्रॉम्प्टरची रीत

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रेच्या नाटकांना मी गेली २८ वर्षं प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवतो. विंगेत स्टूल, मांडीवर वही, हातात छोटा टॉर्च. त्यामुळे सिनेमा बघतानाही माझी नजर आधी नटाच्या तोंडावर जाते. हा बोलतोय, की पाठ केलेलं आठवतोय? ‘सिदाद द देउस’, म्हणजे २००२ सालचा तो ब्राझीलचा ‘सिटी ऑफ गॉड’, रिओ शहरातल्या याच नावाच्या गरीब वस्तीतल्या टोळ्यांची गोष्ट, पाहताना १३० मिनिटांत एकदाही माझा हात वहीकडे गेला नाही.

पण हे दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा मी तो मोबाईलवर पाहिला, तीन रात्री, जेवता जेवता. काही म्हणजे काही कळलं नाही. गोष्ट पुढे जाते, अडखळते, ‘थांबा, याच्याबद्दल आधी सांगायला हवं’ म्हणून मागे येते. आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर लोक अशाच गोष्टी सांगतात. त्या मध्ये उठून गेलं की हातच्या जातात. तेव्हा हा सिनेमा एका बैठकीत बघा, मोठ्या पडद्यावर, आणि आवाज मूळ पोर्तुगीजच ठेवा.

सबटायटल्स हवीतच, पण नावांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका. मला हे बाबांमुळे कळलं. बाबा १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या, आधीचे, पोर्तुगीज शाळेतलं सेगुंद ग्राव झालेले. दिसतं कमी, कान शाबूत. ते डोळे मिटून शेजारी बसले होते. पाच मिनिटांनी म्हणाले, “हे लोक बोलतात की गातात रे? सिदाद नाही म्हणत, सिदाजी म्हणतात!” रिओचा उच्चार तसाच आहे. मग त्यांनी गोष्ट सांगणाऱ्या मुलाचं नाव पकडलं: बुस्कापे. इंग्रजीत त्याचं ‘रॉकेट’ केलंय. बाबा म्हणाले, “बुस्का म्हणजे शोधणं, पे म्हणजे पाय. हे रॉकेट कुठलं, ही तर चिचुंद्री!” आमच्याकडे चतुर्थीच्या फटाक्यांत चिचुंद्री असायची. वात पेटली की वर न जाता अंगणभर लोकांच्या पायांत घुसायची. रॉकेट म्हटलं की वाटतं पोरगा आकाशात जाणार. चिचुंद्री म्हटल्यावर मात्र तो खरा कसा आहे ते दिसतं. भित्रा, सगळ्यांच्या पायांतून वाट काढणारा, गळ्यात कॅमेरा अडकवायची स्वप्नं बघणारा.

दुसरं नाव माने गालिन्या. इंग्रजीत ‘नॉकआउट नेड’, म्हणजे पार बॉक्सर. मूळ नावात गालिन्या आहे, कोंबडी. आता सिनेमा सुरू कसा होतो ते बघा. सुरीला धार लागतेय, ढोल वाजतोय, आणि दोरी बांधलेली एक कोंबडी शेजारणीची मान कापली जाताना बघतेय. ती दोरी सोडवून पळते आणि हातात पिस्तुलं घेतलेली पोरं तिच्या मागे गल्ल्यांमधून धावतात. हे दृश्य मनात ठेवा आणि तासाभरानं, बसमध्ये कंडक्टरी करणारा साधासरळ गालिन्या टोळीयुद्धात ओढला जातो तेव्हा आठवा. इंग्रजी वाचणाऱ्याच्या हातून हा धागा सुटतो.

त्या कोंबडीच्या दृश्याच्या शेवटी बुस्कापे रस्त्यात अडकतो. पुढे टोळी, मागे पोलीस. तो कोंबडी धरायला वाकलेला असतो, कॅमेरा त्याच्याभोवती गरगर फिरतो, आणि फिरता फिरता तोच मुलगा १९६० च्या दशकात, फुटबॉलच्या गोलपोस्टसमोर तसाच वाकलेला, लहान. इथे मी रिमोट उचलतो, मागे जातो आणि परत बघतो. तुम्हीही बघा, लाज वाटू देऊ नका.

आता माझ्या धंद्याचा भाग. दिग्दर्शक फेर्नांदो मेइरेलिस, सहदिग्दर्शक कातिया लुंद. पाउलो लिन्स यांची १९९७ ची कादंबरी त्यांनी घेतली. लिन्स स्वतः त्याच वस्तीत वाढले. नट मात्र बहुतेक रिओच्या वस्त्यांमधली मुलं. निवडलेल्या सुमारे २०० जणांची कित्येक महिने कार्यशाळा चालली आणि त्यात रिओच्याच दुसऱ्या एका वस्तीतल्या ‘नॉस दो मोरो’ या नाट्यसंस्थेची माणसं होती. मुलांच्या हातात संहिता दिलीच नाही. प्रसंग समजावायचा, तू इथे असतास तर काय म्हणाला असतास ते विचारायचं, आणि जे निघेल त्यातून संवाद पक्के करायचे. माझ्यासारख्याची नोकरीच गेली! नावाजलेला म्हणावा असा नट जवळपास एकच, सेनौराचं काम करणारा मातेउस नाश्तेरगेल. सेनौरा म्हणजे गाजर. त्याला बाकीच्यांपासून वेगळा काढता येतो का बघा. मला आला नाही, आणि नटांची खोड ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही, असं मी समजत होतो.

युद्धाआधी टोळीतली पोरं बंदुका घेऊन गोल उभी राहतात आणि प्रार्थना म्हणतात. ती लिहिलेली नव्हती. गर्दीतल्या एका मुलानं चित्रीकरणाच्या वेळी सुचवलं की आम्ही बाहेर पडण्याआधी हे म्हणतो. दिग्दर्शकानं त्यालाच म्हणायला लावलं. त्या क्षणी माझ्या शेजारून पुटपुट ऐकू आली. बाबा डोळे मिटून त्या पोरांबरोबर ‘पाय नोस्सु’ (‘आमच्या बापा’ ही ख्रिस्ती प्रार्थना) म्हणत होते, शाळेत कानावर पडलेलं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं. आमच्याकडे पडदा उघडण्याआधी गाऱ्हाणं घालतात, नारळ ठेवतात. त्याशिवाय रंग लावलेला राजाही स्टेजवर पाय टाकत नाही. त्या पोरांचे चेहरे तसेच होते.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. साठच्या दशकात रंग उबदार, सोनेरी, चौकटी शांत. घरं एका मापाची, रांगेत. ही वस्ती आपोआप उगवलेली नव्हे, सरकारनं शहरातल्या झोपड्या हलवून लांब वसवलेली. १९६६ च्या पुरातली माणसंही तिथे नेली. वीज नाही, बस नाही. बुस्कापे म्हणतो, रिओच्या पोस्टकार्डापासून आम्ही दूर. (पोस्टकार्डाबाहेरच्या गोव्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.) सत्तरचं दशक आलं की रंग भडकतात, आणि शेवटाकडे कॅमेरा हातात थरथरतो, चित्र थंड होतं. छायाचित्रण सेझार शार्लोनचं, संकलन दानिएल रेझेंदेचं. दोघांनाही ऑस्करचं नामांकन होतं. एकूण चार नामांकनं, मिळालं एकही नाही.

एका दृश्यावर मात्र रेंगाळा. अमली पदार्थ विकण्याचा अड्डा असलेल्या एका फ्लॅटची हकिगत. कॅमेरा एका कोपऱ्यात ठोकून ठेवल्यासारखा. माणसं विरघळतात, नवी उगवतात, भिंती मळतात, सामान जातं. दोन-तीन मिनिटांत एका खोलीचं आयुष्य संपतं. आम्ही एकाच सेटवर तीन अंक करतो, पण सोफ्याचं कव्हर बदलण्यापलीकडे आमची मजल जात नाही.

आणि सुरुवातीच्या मोटेलवरच्या दरोड्यात एक ओळ गाळलीय, हे ध्यानात ठेवा. ती पुढे भरली जाते. कोण भरतो ते सांगत नाही.

मुलांना शेजारी बसवू नका. एका ठिकाणी दोन चिमुरड्यांना विचारतात, गोळी हातावर हवी की पायावर, आणि मग त्यांतल्या एकाला मारण्यासाठी चाप ओढायला लावतात तिसऱ्या पोराला. माझी बायको तिथे उठून माजघरात गेली ती परत आली नाही. त्या वस्तीतलाच रॅपर एम. व्ही. बिल यानंही या सिनेमावर उघड टीका केली, की याचा डाग तिथल्या मुलांवर बसतो. सिनेमा आवडल्यावरही हे आठवत राहिलं, तर राहू द्या.

शेवटी सगळ्यात लहान पोरांची टोळी कोणाला मारायचं त्याची यादी करत चालत जाते. इथे टीव्ही बंद करू नका. श्रेयनामावलीत खऱ्या माने गालिन्याची जुनी टीव्ही मुलाखत येते, जखमी अवस्थेतली, आणि सिनेमातल्या नटानं अगदी तीच कशी केली ते तुम्हाला जुळवून बघता येतं. बाबांना मी सांगितलं, हा खरा माणूस. त्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडले, खुर्ची टीव्हीजवळ ओढायला लावली आणि म्हणाले, “आवाज वाढव.”