व्यसनावरची अंधारी फोटो मालिका: छापायला देण्याआधी काय करावं

लॅपटॉपवर जिवंत वाटणारा अंधारा फोटो लॅबमधून काळा ठिक्कर होऊन येतो. बोटं गेली, डोळे गेले, माणूस आणि मागची भिंत एकच झाली. यात दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद मात्र त्याच्यावर पडलेला उजेडच परत देतो. मॅट कागदाचा सगळ्यात गडद काळासुद्धा थोडा उजेड परत देतो, त्यामुळे स्क्रीनवर वेगळ्या दिसणाऱ्या काळ्याच्या कितीतरी छटा कागदावर एकमेकींत मिसळून जातात. व्यसनावरच्या मालिकेत हे फार महागात पडतं. अंधारात अडकलेला माणूस दाखवायचा असेल, तर त्या अंधारात तो दिसायला तर हवा!

पुढचं सगळं कॉलेजच्या प्रदर्शनासाठी १२ फोटो, प्रत्येकी १२ बाय १८ इंच, असा हिशोब धरून लिहिलं आहे.

कॅमेरा काढण्याआधी

नशेत दिलेली परवानगी ही परवानगी धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, माणूस शुद्धीवर असताना पुन्हा विचारा. साध्या मराठीत एक पानी संमतीपत्र करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवा. फोटो काढणं, प्रदर्शनात लावणं आणि इंटरनेटवर टाकणं या तीन गोष्टींची परवानगी वेगवेगळी घ्या, कारण प्रदर्शनाला हो म्हणणारा माणूस गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसायला तयार असेलच असं नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात जाणार असाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लक्षात ठेवा. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात, आणि कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. केंद्रचालकांचा होकार हा रुग्णाचा होकार नसतो. अल्पवयीन मुलांचा चेहरा तर घेऊच नका. व्हाइटनर हुंगणारं पोर कितीही ‘प्रभावी’ दिसत असलं तरी कॅमेरा खाली ठेवा.

ओळख फक्त चेहऱ्याने पटते असं नाही. हातावर गोंदलेलं नाव, गाडीचा नंबर, टपरीची पाटी, एवढ्यावरून अख्खं गाव माणूस ओळखतं. चौकट धरतानाच या गोष्टी बाहेर ठेवा.

टिपा उजेडात, अंधार नंतर करा

अंधारी मालिका म्हणून फोटो काळपट काढणं ही विद्यार्थ्यांची सगळ्यात नेहमीची चूक. सेन्सरला सावलीत मुळातच कमी उजेड मिळतो. नंतर ती सावली उचलायला गेलं की रंगीत दाणे उठतात आणि १२ बाय १८ वर ते लांबूनही दिसतात. म्हणून रॉ फाइलच (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल) घ्या. दिवा किंवा खिडकी जळून कोरी पांढरी होणार नाही इतपत, कॅमेऱ्याच्या मीटरपेक्षा दोन तृतीयांश ते एक स्टॉप जास्त उजेड ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काळोख करायला एडिटिंग आहेच.

पत्र्याच्या खोलीत एलईडी बल्ब असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. १/२०० किंवा त्याहून वेगवान शटरला फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. ५० एमएम लेन्स, एफ/२ ते एफ/२.८ आणि आयएसओ १६०० ते ३२०० एवढ्यावर बहुतेक खोल्यांत काम भागतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी दोनला पत्र्याच्या भोकातून पडणारा कवडसा इतका प्रखर असतो की बाकीची खोली आपोआप अंधारते. फ्लॅशची गरज पडत नाही.

निवड

निवड स्क्रीनवर करू नका. ४०-५० फोटोंचे ४ बाय ६ चे स्वस्त प्रिंट काढा, सतरंजीवर पसरा आणि उभं राहून बघा. सिगारेटच्या धुराचं वेटोळं, डोकं धरून बसलेला माणूस, सिरिंजचा क्लोजअप हे फोटो पहिल्या फेरीतच बाजूला काढा. ते बघणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं सांगतात आणि ज्याचा फोटो आहे त्याच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यापेक्षा रोजंदारीचे पैसे मोजणारा हात, उशिरापर्यंत झाकून ठेवलेलं ताट, रिकाम्या पुड्यांशेजारची शाळेची वही असे फोटो ठेवा. बाराही फोटो सारखेच काळे असतील तर चौथ्या फोटोपाशी डोळा थकतो. मध्ये दोन-तीन उजळ हवेत.

एडिटिंग

आधी स्क्रीनचा उजेड उतरवा. पूर्ण ब्राइटनेसवर लॅपटॉप प्रिंटपेक्षा कितीतरी उजळ असतो आणि सगळी फसगत इथूनच होते. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र) असेल तर ८० ते १०० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा. नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी बसा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. नाइट मोड आणि ऑटो ब्राइटनेस बंद ठेवा.

आता एक पट्टी तयार करा. एडिटिंगमध्ये ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. संपूर्ण काळ्या, म्हणजे ० मूल्याच्या पानावर ६, १२, १८, २४, ३०, ३६, ४२ अशा मूल्यांचे चौकोन काढा आणि खाली त्यांचे आकडे लिहा. जिथे अंतिम प्रिंट काढणार त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर ही पट्टी छापून घ्या. खर्च एका छोट्या प्रिंटचा. समजा १२ पर्यंतचे चौकोन पानात बुडाले आणि १८ चा जेमतेम दिसला, तर तुमच्या कागदाचा काळोख १८ ला सुरू होतो. दिसायलाच हवं असं काहीही त्याखाली ठेवू नका.

तंबाखू मळणाऱ्या हाताचा फोटो घेऊ. अंगठ्याची उजेडाकडची कड १२० आहे, तळहाताच्या खोलगट भागातली सावली ३५, तंबाखूचा चुरा २४ आणि मागचा शर्ट १५. स्क्रीनवर सगळं सुटं दिसतं. कागदावर शर्ट बुडेल, त्याचं काही नाही, बुडू द्या. पण चुरा आणि तळहात एक झाले की फोटोत नुसता एक हात उरतो आणि तो काय करतोय ते कळत नाही. इथे कर्व्हने (छटा वर-खाली करणाऱ्या रेषेने) अख्खा फोटो उजळू नका. ॲडजस्टमेंट लेयरवर (फोटोवरच्या बदलाच्या वेगळ्या थरावर) मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त तळहात ३५ वरून ५० वर आणा, चुरा आहे तिथेच राहू द्या. बोटाच्या टोकाला लागलेला चुन्याचा पांढरा ठिपका २१५ च्या आसपास असेल तर त्याला हात लावू नका. बिदरीच्या भांड्यावरचा काळा इतका गडद दिसतो तो शेजारच्या चांदीमुळे. त्या ठिपक्याचंही तेच काम आहे. पूर्ण अंधाऱ्या चौकटीत असं एखादं उजळ ठिकाण नसेल, तर डोळा अंधार न मानता ‘प्रिंट बिघडला’ असं मानतो.

आउटपुट लेव्हलचा काळा सरसकट वर ओढण्याचा सोपा उपाय अनेकजण करतात. त्याने तपशील सुटतो, पण अस्सल काळा जातो आणि फोटोवर राख पसरल्यासारखी दिसते. २० ते ६० चा पट्टा उचला, ० ला ० राहू द्या.

सगळं काम १६ बिटमध्ये करा, त्यात ८ बिटपेक्षा कितीतरी जास्त छटा मावतात. ८ बिटमध्ये अंधाऱ्या भिंतीवरच्या हळूहळू उतरणाऱ्या छटांचे पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे पडतात. नॉइज पूर्ण घासून काढू नका, त्वचा प्लास्टिकसारखी होते. रंगीत दाणे घालवा, करडे थोडे राहिले तरी कागदावर ते शोभतात.

आणि हे अजिबात विसरू नका: चेहरा लपवण्यासाठी तो नुसता गडद केला असेल तर तो लपलेला नाही. ती फाइल हाती आली की कुणीही शॅडो स्लायडर ओढून चेहरा परत बाहेर काढू शकतो. ब्रशने तो भाग पूर्ण ० करा, लेयर एकत्र करा, मग स्वतः स्लायडर ओढून तपासा. बाहेर जाणाऱ्या फाइलमधून जीपीएसची माहितीही काढून टाका.

लॅबमध्ये

१२ बाय १८ इंचाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे ४००० बाय ६००० पुरून उरतात. हा आकार ३:२ मध्येच बसतो म्हणून काही कापलं जात नाही. ए३ निवडला तर कडा छाटल्या जातील किंवा पांढरी पट्टी सोडावी लागेल. नेहमीच्या लॅबला एसआरजीबी (सर्वसाधारण रंगपद्धत), ८ बिट, सर्वोच्च दर्जाची जेपीईजी द्या. १६ बिटची मूळ फाइल आपल्याकडे ठेवा.

काउंटरवर स्पष्ट सांगा, ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा, फोटो मुद्दाम गडद आहेत.’ आमच्याकडे छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, लॅबचा बराचसा धंदा लग्नाच्या अल्बमवर चालतो. उजळ चेहरे ही तिथली सवय, आणि मशीनही गडद फोटो चुकलेला समजून उजळवते. कृष्णधवल फोटो रंगीत कागदावर काढले तर हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. आधी एक प्रिंट काढा आणि दुकानातल्या ट्यूबखाली नको, बाहेर सावलीत नेऊन बघा. झाक जात नसेल तर करडी शाई वापरणारा पिगमेंट इंकजेट प्रिंटर शोधा. तो महाग पडतो, पण या विषयासाठी खर्च सार्थ आहे.

फ्लेक्स नको. चकचकीत लॅमिनेशनही नको; गडद फोटोत बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. मॅट लॅमिनेशनने काळा थोडा फिका पडतो, म्हणून चाचणीचा प्रिंट लॅमिनेशनसकट बघा. ५ मिमी सनबोर्डवर चिकटवलेले प्रिंट मे महिन्यात बंद गाडीत ठेवले तर वाकतात.

भिंतीवर

फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा आणि दिवा वरून तिरपा सोडा. हॉलमध्ये उजेड कमी असेल तर तळहाताची सावली पुन्हा बुडेल. अशा वेळी त्याच हॉलमध्ये एक प्रिंट आधी लावून बघा आणि गरज पडली तर कर्व्ह आणखी थोडा उचला. शेवटच्या फोटोखाली व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन्ही नंबर ठळक छापा. ज्यांचे फोटो आहेत त्यांना उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, गर्दी नसताना, बोलावून प्रिंट दाखवा. एखाद्याने ‘हा काढा’ म्हटलं तर तो त्याच्यासमोर उतरवा. तेराव्या फोटोचा प्रिंट याचसाठी तयार ठेवायचा असतो.