वाचन शिकवणाऱ्याने स्वतःची नोंदवही कशी ठेवावी

पाठाचं टाचण सगळेच शिक्षक काढतात. उद्या काय शिकवायचं, ते त्यात असतं. काल वर्गात काय घडलं, कोण कुठल्या शब्दाशी अडलं आणि त्या क्षणी आपण काय केलं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. पहिली-दुसरीच्या वर्गात तर खरी गोम तिथेच असते. त्यासाठी एक वेगळी वही घाला. ही वही तपासणीसाठी नाही आणि मुख्याध्यापकांसाठीही नाही. कुणाला दाखवायची म्हटली, की तिच्यात सगळं छान छानच उतरतं.

वही साधी असावी. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं. उजवीकडे त्यावरचा विचार, पण तो दुसऱ्या दिवशी. हा एका रात्रीचा खंड महत्त्वाचा आहे, कारण वर्ग सुटल्या सुटल्या आपल्याला सुचतात ते बहुधा शेरे असतात. ‘ही वाचनात कच्ची आहे’ हा शेरा झाला. ‘तिसऱ्या ओळीत थांबली, बोट ‘प्र’वर, माझ्याकडे पाहिलं’ ही नोंद झाली. शेऱ्यावरून उद्या काय करायचं ते कळत नाही, नोंदीवरून कळतं.

आता एका मुलाला जवळ बसवा आणि त्याने कधी न वाचलेला शंभरेक शब्दांचा उतारा वाचायला द्या. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी यासाठी खुणांची एक पद्धत घालून दिली. तिचा गाभा कुणालाही जमेल असा आहे: बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दाला बरोबरची खूण. चुकलेल्या शब्दासाठी एक आडवी रेघ, वर मुलाने वाचलेलं आणि खाली छापलेलं. आपलं आपण सुधारलं तर शेजारी ‘सु’. मधे बोलायचं नाही, मान डोलवायची नाही. शंभरातले दहापेक्षा जास्त शब्द चुकले, तर तो मजकूर त्या मुलाला सध्या जड आहे असं धरतात. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि शब्द लांबतात, म्हणून हा आकडा मी दगडावरची रेघ मानत नाही. पण अंदाजाला तो पुरतो.

वेळ द्यायचा तो चुकांना. छापलेलं वाक्य आहे, ‘सुताराने दाराला खिळा ठोकला.’ मूल वाचतं, ‘सुताराने दाराला खिडकी ठोकला.’ नुसती चूक मोजली तर एक. नीट पाहिलं तर या मुलाने पहिलं अक्षर बरोबर ओळखलं, दाराच्या आसपासचीच वस्तू निवडली आणि उरलेला शब्द न पाहताच पुढे गेलं. ‘खिडकी ठोकला’ हे बोलताना त्याच्या तोंडून कधीच आलं नसतं, पण वाचताना ते खटकलं नाही. म्हणजे कान बंद आहे आणि डोळा पहिल्या अक्षरावरच थांबतो. या मुलाला ‘चित्र बघ, काय असेल?’ असं विचारणं मला पटत नाही, कारण अंदाज बांधायची सवय त्याला आधीच लागलेली आहे. त्याला शब्दाच्या शेवटापर्यंत बोट न्यायला लावा, आणि मग पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणून ते कानाला पटतं का, ते त्यालाच ठरवू द्या.

दुसरं मूल ‘घरात’ला ‘धरात’ वाचतं. ही वेगळी गोष्ट झाली. ‘घ’ची शिरोरेखा सलग, ‘ध’ची तुटलेली, एवढाच फरक डोळ्यात बसायचा आहे. ‘म’ आणि ‘भ’चंही तेच. र्‍हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आपली लिपी नियमबद्ध आहे हे खरं, पण जोडाक्षरं धरली तर शिकायची चिन्हं शेकड्यांत जातात. बाराखडी पाठ झाली म्हणजे वाचन आलं, असं म्हणणारा दुसरीतल्या मुलाला ‘प्रार्थना’ वाचायला लावून पाहू दे.

काही मुलं मात्र घडाघडा वाचतात आणि काय वाचलं ते विचारलं की गप्प. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांचं शब्दात रूपांतर गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. वर्गात याचा पडताळा सोपा आहे. अडलेल्या मुलाला तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तेच प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं आली तर अडचण अक्षरांची आहे. ऐकूनही आली नाहीत तर त्याला आणखी अक्षरगिरवणी देऊन उपयोग नाही, गोष्टी ऐकवा, गप्पा मारा, शब्द वाढवा.

इथवर मुलाची नोंद झाली. आता स्वतःची. एक तास मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि घरी एकट्याने ऐका. (पहिली पाच मिनिटं स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, पुढे सवय होते.) फक्त एकच पाहा: प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ गप्प राहिलो. अमेरिकेच्या मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात हेच मोजलं, तर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलं जास्त मोठी उत्तरं देऊ लागली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. वर्गात, अडलेल्या मुलासमोर, ते जीव खातात. अडलेला शब्द आपण चटकन सांगून टाकतो तो बऱ्याचदा आपली अस्वस्थता घालवण्यासाठी.

उजव्या रकान्यात मग एकच बदल लिहा आणि दोन आठवडे तोच पाळा. ‘मुलांकडे जास्त लक्ष देईन’ हा बदल नव्हे. ‘शब्द सांगण्याआधी मनात तीनपर्यंत मोजेन’ हा बदल. एका वेळी चार गोष्टी सुधारायला घेतल्या की एकही धड होत नाही, आणि कशामुळे फरक पडला तेही कळत नाही.

सहकाऱ्याला वर्गात बसवणार असाल तर मत मागू नका. तुमची वाक्यं जशीच्या तशी टिपायला सांगा, बस्स. मतं ऐकली की आपण बचावाला उतरतो. आपलंच वाक्य कागदावर दिसलं की बचाव सुचत नाही.

जमलं तर कधीतरी एखादी अनोळखी लिपीही शिकायला घ्या, पाच-दहा अक्षरं पुरेत. तीनच अक्षरांचा शब्द जुळवताना शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं निसटून जातं, तेव्हा तुमच्या समोर बसलेल्या मुलाची संथ गती वेगळी दिसू लागते.

सत्र संपलं की वही एका बैठकीत सलग वाचा आणि शेजारी हजेरीपट ठेवा. पानोपानी येणारी नावं तुम्हाला माहीतच असतात: फार अडणारी आणि फार हुशार. वहीत एकदाही न आलेली नावं वेगळ्या कागदावर उतरवा. पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात जवळ बसवून ऐकायचं ते त्यांनाच.