जुन्या लॅपटॉपचा घरगुती सर्व्हर: गावची वीज आणि मे महिन्याचे ऊन सांभाळून

घरी सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहून घरातल्या इतर यंत्रांना फायली पुरवणारा संगणक, लावायचा म्हटला की हौशी माणसाचा पहिला प्रश्न ‘लिनक्स (संगणक चालवणारी मोफत प्रणाली) कोणते घ्यावे’ हा असतो. विदर्भातल्या गावात हा प्रश्न शेवटी घेतला तरी चालते, कारण इथे यंत्र बंद पडते ते बहुधा अवेळी गेलेल्या विजेने किंवा उन्हाने. कुटुंबाची छायाचित्रे, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती आणि मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ एका जागी ठेवून घरातल्या सगळ्या मोबाइलवर दिसावेत, एवढीच अपेक्षा असेल तर आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पुरतो. त्यात ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली जलद डिस्क) असली म्हणजे झाले. पडदा बंद ठेवलेला असा लॅपटॉप काम नसताना साधारण १० ते १५ वॉट वीज घेतो. १२ वॉट धरले तर महिन्याला नऊ युनिटांच्या आतच भागते.

छोट्या पीसीपेक्षा लॅपटॉप घ्यावा असे मी सुचवतो ते त्याच्या बॅटरीसाठी. वीज गेली तरी तो चालू राहतो, आणि दाब खाली-वर झाला तरी त्याचा अडॅप्टर तो बराचसा पचवतो. छोटा पीसी इन्व्हर्टरवर ठेवला, तर इन्व्हर्टर बॅटरीवर जाण्याच्या क्षणी तो पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून इन्व्हर्टर यूपीएसच्या स्थितीत ठेवता येतो, पण त्या स्थितीत तो कमी दाब सहन करत नाही, आणि ओलिताच्या दिवसांत मोटारींमुळे दाब उतरला की वीज असूनही बॅटरीवर जाऊन ती रिकामी करतो.

तथापि सतत पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत फुगते. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर बॅटरी त्याच दिवशी काढून टाकावी. तिला टोचणे किंवा दाबणे धोक्याचे असते. काही लॅपटॉपांत बायोसमधून (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधून) किंवा टीएलपी या प्रोग्रॅममधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते. मी उन्हाळ्यात ते ६० वर ठेवतो.

लिनक्स म्हणून डेबियनची स्थिर आवृत्ती डेस्कटॉपशिवाय (खिडक्या-चिन्हांच्या पडद्याशिवाय) बसवावी. सामायिक फोल्डरांसाठी सांबा आणि व्हिडिओसाठी जेलिफिन पुरेसे आहे. त्यानंतर तीन गोष्टी लगेच कराव्यात, कारण त्यांच्याकडे दुर्लक्ष केले की पहिल्याच आठवड्यात त्रास होतो. पहिली गोष्ट झाकणाची: लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या लॉगइंड या सेटिंग फाइलीत झाकण मिटल्यावर काय करायचे, त्या ओळीपुढे ‘इग्नोर’ असे लिहावे, म्हणजे झाकण मिटले तरी यंत्र झोपणार नाही. दुसरी गोष्ट बॅटरी संपत आल्याची. डेस्कटॉप नसल्याने तिच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नसते, म्हणून ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधून दर दोन मिनिटांनी चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी, जी कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) नोंदवलेली बॅटरीची टक्केवारी वाचेल आणि वीज नसताना ती २० च्या खाली गेली की यंत्र रीतसर बंद करेल. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, ही सोय काही मोजक्याच लॅपटॉपांच्या बायोसमध्ये असते. ती नसेल तर बटण कुठले हे घरच्यांना दाखवून ठेवावे.

तिसरी गोष्ट यूएसबीने जोडलेल्या डिस्कची. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत ती नावाने न नोंदवता यूयूआयडीने (तिच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने) नोंदवावी, कारण नाव बदलू शकते, आणि पुढे ‘नोफेल’ (डिस्क सापडली नाही तरी पुढे जा) हा पर्याय द्यावा. तो नसेल आणि डिस्कची तार सैल झाली असेल, तर यंत्र सुरू होताना सुमारे दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या स्थितीत अडकते आणि नेटवर्कवरून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही.

आता उष्णतेकडे वळू. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाखालची खोली त्याहून तापते, तर बहुतेक हार्ड डिस्कना ६० अंशांची मर्यादा असते. म्हणून यंत्र टिनाखाली ठेवू नये. कवेलूच्या किंवा मातीच्या भिंतीच्या घरातली आतली खोली सर्वांत बरी. लॅपटॉप आडवा न ठेवता तंबूसारखा किंवा कडेवर उभा ठेवावा, म्हणजे तळाची जाळी मोकळी राहते. कूलरसमोर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याच्या हवेबरोबर सूक्ष्म थेंब येतात, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतले पाणीच खारे असते, तर ते थेंब सुकल्यावर मागे क्षार उरतो, जो बोर्डावरील जोड गंजवतो.

चांगल्या भावाच्या प्रतीक्षेत कापूस घरातच साठवला असेल तर आणखी एक अडचण येते. माझा पहिला सर्व्हर दुपारी दोनच्या सुमारास स्वतःहून बंद पडे, आणि मी दोन आठवडे कर्नलच्या नोंदी चाळत बसलो. शेवटी तळ उघडला तेव्हा पंखा आणि तांब्याच्या नळीजवळची जाळी यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंची नमद्यासारखी गादी सापडली. ती जाळी दिवाळीनंतर आणि होळीनंतर साफ करावी. साफ करताना पंखा काडीने अडवून धरावा. सेन्सर्स या आज्ञेने तापमान, तर स्मार्टसीटीएलने डिस्कची प्रकृती पाहावी. पुनर्वाटप झालेल्या (खराब झाल्याने बदलाव्या लागलेल्या) सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये.

घराबाहेरून सर्व्हर पाहायचा असेल, तर मोबाइल डेटावर राउटरमधील पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून सहसा उपयोग होत नाही, कारण एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर आधारलेला टेलस्केल हा प्रोग्रॅम ही अडचण सोडवतो.

अर्थिंग तपासून घ्यावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईभोवतीची ओल जाते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून अधूनमधून पाणी घालत राहावे. मृगाच्या आधी आभाळ गडगडू लागले की अडॅप्टर आणि राउटरकडून आलेली तांब्याची लॅन केबल दोन्ही काढून ठेवावीत. बॅटरीवर यंत्र तेवढा वेळ चालते, आणि मोबाइल वायफायने त्याच्याशी जोडलेले राहतील एवढी तजवीज आधीच करून ठेवावी.