आज रात्री काय पाहावं, ते दुपारीच ठरवा

कपाशीच्या वेचणीवरून आलेल्या घरात टीव्हीला जेमतेम दीड तास मिळतो. तेवढ्यात रिमोट घेऊन चाळत बसलात, तर अर्धा वेळ त्यातच जातो. निवड दुपारी करा.

आधी एकूण भाग मोजा. सहा-आठ भागांची मालिका आठवड्यात संपते, पण एक भाग चुकला की धागा तुटतो. रोजची मालिका चार दिवस हुकली तरी कळते, म्हणून वेचणीत तीच बरी.

माहितीपटाला पहिली दहा मिनिटं द्या. सुतार रंधा मारतोय, मुंगी पान ओढतेय, असं काही जवळून आणि सलग दिसलं तर पुढे चला. नुसतं धडधडतं संगीत आणि तीच ती दृश्यं फिरून येत असतील तर खुशाल सोडा. ताडोब्याचा वाघ आपल्या ओळखीचा. आजीला समुद्राचा तळ दाखवा, ती डोळे मोठे करून बघेल. मात्र हिंदी किंवा मराठी आवाज आहे का, ते आधी तपासा. खालच्या पट्ट्या तिला वाचवत नाहीत. पोट्टे सोबत असतील तर ७+, १३+ हे वयाचे आकडेही बघा.

मोबाइलवर ४८० पिक्सेलला तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी लागतो. १०८० ठेवलंत तर दीड जीबीचा रोजचा पॅक तासाभरातच संपू शकतो. टॉवर मोकळा असतो तेव्हा, पहाटे, डाउनलोड करा. काही ॲपवर डाउनलोड केलेलं एकदा बघायला सुरुवात केली की ४८ तासांत बाद होतं.

डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. चित्र तुटत असेल तर छत्रीसमोर, आग्नेयेला, कडुनिंबाची फांदी वाढली का ते पाहा.