ग्राफीनचं डोपिंग: आधी गेट फिरवा, मग आम्ल उघडा

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा जाड थर, आणि डोपिंग म्हणजे बाहेरचं रसायन लावून त्यातल्या विद्युतवाहकांची संख्या बदलणं. ते शिकायला आलेल्या कुणालाही मी पहिल्या दिवशी नायट्रिक आम्लाच्या बाटलीला हात लावू देत नाही. आधी चिप प्रोबखाली ठेवायची, गेट व्होल्टेज (ग्राफीनखालच्या ऑक्साइडच्या पलीकडच्या इलेक्ट्रोडला दिलेलं व्होल्टेज) सावकाश फिरवायचं आणि रोधाचा आलेख काढायचा. रोध जिथे शिखर गाठतो तो डिरॅक बिंदू. तो कुठे होता हे माहीत नसेल, तर नंतर काय बदललं ते सांगणार कसं?

निखळ ग्राफीनमध्ये हे शिखर शून्य व्होल्टपाशी येतं. पण तांब्यावर वाढवून पीएमएमए या प्लास्टिकच्या आधाराने उतरवलेल्या थरात ते बहुधा धन बाजूला असतं. हवेतल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने तुमच्याआधीच डोपिंग केलेलं असतं! म्हणून चिप निर्वातात तापवा आणि हवा न लागू देता तिथेच मोजा. ऑक्साइड ३०० नॅनोमीटरचा असेल, तर शिखर १ व्होल्ट सरकणं म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७,२०० कोटी वाहकांचा फरक.

आता आम्ल. फ्यूम हूडमध्ये संहत नायट्रिक आम्लाच्या वाफेवर चिप काही मिनिटं धरा. आम्ल इलेक्ट्रॉन ओढून घेतं, होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन वाहकांसारख्या वागतात) वाढतात, शिखर आणखी धन बाजूला जातं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये असेच चार थर डोप करून दर चौरसाला (पातळ थराचा रोध असाच सांगतात) सुमारे ३० ओहमपर्यंत रोध उतरवला होता. मात्र हा परिणाम टिकत नाही. आम्ल उडून जातं आणि रोध पुन्हा चढतो. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: पीएमएमए काढायचं ॲसिटोन नायट्रिकच्या आसपासही नको, टाकाऊ द्रावणाच्या बाटलीतसुद्धा नको. स्फोट होऊ शकतो.

इलेक्ट्रॉन वाढवायचे असतील तर पॉलिइथिलीनइमाइनचं मिथेनॉलमधलं विरळ द्रावण घ्या. चिप त्यात काही तास बुडवा, मग मिथेनॉलने धुवा. त्यातल्या अमाइन गटांचे इलेक्ट्रॉन ग्राफीनला मिळतात आणि शिखर ऋण बाजूला येतं. यातून वाहकांची संख्या बदलते. बँड गॅप (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर) उघडेल अशी आशा धरू नका.

शेवटी रामन, म्हणजे लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासणं. या वर्णपटातलं १,५८० सेमी⁻¹ जवळचं जी शिखर दोन्ही प्रकारच्या डोपिंगमध्ये वर सरकतं, त्यामुळे प्रकार ठरवायला गेटचाच आलेख बघा. पण १,३५० सेमी⁻¹ जवळचं डी शिखर वाढलेलं दिसलं, तर कार्बनची जाळीच बिघडली आहे. ती चिप बाजूला ठेवा आणि पुढच्या चिपला वाफ कमी वेळ द्या.