नंबर तोच, सिम महाराष्ट्राचं

कर्नाटकातल्या निपाणीत आमचं रिचार्जचं दुकान. पूर्वी इथंच एसटीडीची पिवळी पाटी होती; रात्री दर उतरला की कोल्हापूरचा ०२३१ लावायला रांग. आता पुण्याला नोकरी लागलेली पोरं विचारतात, "काका, नंबर तोच ठेवून तिकडचं सिम मिळतंय काय?" मिळतंय की. ३ जुलै २०१५ पासून नंबर राज्याबाहेरही नेता येतो.

नुसती सीमेवरच्या कोगनोळीपलीकडं रोजची जा-ये असेल, तर ही खटपट करू नका.

पोस्टपेड असेल तर थकबाकी भरा. नंबर चालू होऊन ९० दिवस झालेले हवेत. मग इंग्रजीत 'पोर्ट', एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि मेसेज १९०० ला. आठ अक्षरी कोड येतो. तो चारच दिवस चालतो, म्हणून कागदपत्रं हातात असल्याशिवाय मेसेज नको. मी स्वतः घाई केली होती. आधार घरी, कोड वाया.

कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. पाच कामाचे दिवस धरा. जुनं सिम बंद पडेपर्यंत काढू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतोय. बॅलन्स मात्र आधीच संपवा, तो सोबत जात नाही.