√२ येतो हो सगळ्यांना, √१२ लिहून दाखवा

√२ अपरिमेय आहे, म्हणजे पूर्णांकांच्या अ/ब अशा अपूर्णांकात लिहिता येत नाही, याची सिद्धता सगळ्यांची पाठ असते. तो अ/ब आहे असं धरायचं, सामाईक अवयव काढून टाकायचे, वर्ग करायचा, अ पण सम, ब पण सम, विसंगती, संपलं. गोची होते √१२ आला की, कारण आपण तीच सिद्धता उचलतो, २ पुसून १२ टाकतो आणि बिनधास्त लिहितो की अ² ला १२ ने भाग जातो म्हणून अ ला पण जातो.

साफ चूक. ६ चा वर्ग ३६, त्याला १२ ने भाग जातो. ६ ला जातो का?

मलाही हेच नडलं, आणि लवकर कळतही नाही, कारण √१२ अपरिमेय असतोच, शेवटची ओळ खरी निघते. म्हणून एक करा, आपली सिद्धता √४ वर चालवून बघा. अ² = ४ब², "म्हणून" अ = ४क, मग १६क² = ४ब², म्हणजे ब² = ४क², ब ला पण ४ ने भाग, विसंगती, √४ अपरिमेय! अहो पण √४ म्हणजे २. ते "म्हणून" मूळ संख्येसाठी हक्काने लिहिता येतं, बाकी ठिकाणी कारण द्यावं लागतं. हे का, असं विचारल्यावर जे सर चिडतात त्यांच्याकडून ट्रिक शिकू नका, स्पष्टच सांगतो.

√१२ म्हणजे २√३, तो परिमेय असता तर त्याचा निम्मा √३ पण परिमेय झाला असता, आणि ३ मूळ आहे, तिथे नेहमीची सिद्धता चालते. √६ ला घाबरू नका, नुसत्या २ वर भागतं: अ² = ६ब², अ सम, अ = २क, मग २क² = ३ब², ३ विषम म्हणून ब² सम, ब सम, झालं.

५−√३ टाइपचे तर फुकटचे मार्क, √३ एकटा काढा की झालं.

√२+√३ ला मात्र "दोन अपरिमेयांची बेरीज अपरिमेय" असं ठोकून देऊ नका, √२ आणि २−√२ दोन्ही अपरिमेय, बेरीज २. तिथे वर्ग करा, ५+२√६ येतं, आणि √६ चं काम वर झालेलंच आहे.